पॉइंट एकसष्ट

मेडिकलवाल्या युसूफभाईंनी फ्रीजमधून खोका काढून काउंटरवर ठेवला तेव्हा सुचिताचं लक्ष रस्त्याकडे होतं. चौकात सोयाबीनची पोती भरलेला एक ट्रॅक्टर आडवा झाला होता आणि मागं अडकलेल्या चिखली गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. "ताई, हे पाहा," युसूफभाई म्हणाले, "तुमच्या बाबासाठी डॉक्टरनं नवीन लिहिलं. आठवड्यातून एकच डाव. गुरुवार धरला तं गुरुवारच धराचा. रोज टोचाची झंझट गेली समजा." लांबट पांढरा खोका, त्याला घाम सुटलेला, बाजूला बर्फाची निळी पिशवी. सुचितानं सवयीनं नाव वाचलं. ठळक अक्षरातलं कंपनीचं नाव वाचून झालं आणि त्याखालचं, बारीक अक्षरातलं, औषधाचं खरं नाव डोळ्यांपुढं आलं, तेव्हा तिचा हात खोक्यावरून आपोआप मागं आला. तापलेल्या तव्यावरून येतो तसा. खोका मात्र गार होता. "काय झालं?" युसूफभाईंनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "थंड आहे."

हे औषध आठवड्यातून एकदाच का पुरतं, ते बुलढाण्यात इतकं नेमकं माहीत असलेलं माणूस तिच्याशिवाय क्वचितच कुणी असेल. जेवण पोटात गेलं की माणसाचं आतडं एक निरोप्या पाठवतं. साखर आवरा, भूक आवरा, एवढं सांगून तो दोन मिनिटांत विरून जातो. औषधवाल्यांनी तसाच निरोप्या बनवला. अमिनो आम्लांचे मणी एकापुढं एक ओवून केलेली माळ. पण त्यातल्या एका मण्याला, लायसिनला, त्यांनी चरबीची लांब शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या प्रथिनाला धरून बसते. सोडत नाही. म्हणून दोन मिनिटांचा निरोप्या आठवडाभर अंगात राहतो. हा शेपटीवाला मणी आधी वेगळा तयार करावा लागतो, आणि तो तयार करून माळ ओवणाऱ्यांना विकणं हा हैदराबादजवळच्या एका कंपनीचा धंदा होता. तिथं सुचितानं चार वर्षं काढली होती. मणी बनवायचं नव्हे, तपासायचं काम. पांढरी, मेणचट पूड. चमच्याला चिकटायची, कागदाला चिकटायची, हातमोज्याला चिकटायची. यंत्रात सोडली तर तिथंही शेपटीनं नळीच्या भिंती धरून बसायची आणि बाकी सगळं वाहून गेल्यावर चाळीसाव्या मिनिटाला सावकाश बाहेर यायची. पडद्यावर सपाट रेघ चालू असायची, चालूच असायची, आणि मग एकदम सुळका उभा राहायचा. त्या सुळक्याची वाट बघत बसण्यात तिला आनंद व्हायचा. एक स्वच्छ सुळका, अंगाला काही न चिकटलेला. आपल्या आयुष्यात इतकं स्वच्छ दुसरं काही नाही, असं तिला तेव्हा वाटायचं.

ती खोका घेऊन निघाली. कोर्टासमोरून जाताना तिनं पिशवी डाव्या हातातून उजव्यात घेतली, मग पुन्हा डाव्यात. बॅच क्रमांक तिनं तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याचा काही उपयोग नव्हता. इंजेक्शनच्या पेनावर फक्त ते पेन भरणाऱ्याचा क्रमांक असतो. माळ कुणी ओवली ते त्यावर नसतं, मणी कुणाकडून आणला ते तर नसतंच. आपण तपासलेला मणी या पेनात आहे की नाही, हे जगातल्या कुठल्याही कागदावर तिला वाचता येणार नव्हतं. असेल. नसेल. कंपनी सोडल्यापासूनच्या पावणेदोन वर्षांत तिनं ही गोष्ट इतकी खाली दाबली होती की ती संपली असं तिला वाटू लागलं होतं. कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, पोरांना ब्युरेट धरायला शिकवायचं, वडिलांच्या पायाची पट्टी बदलायची. या सगळ्याखाली ती होतीच, आणि एका खोक्याच्या गारव्यानं वर आली.

कंपनीतला तिचा वरिष्ठ, गजेंद्र, तिला परका नव्हता, हीच खरी गोम होती. परका असता तर ती भांडली असती. मेहकरला एसटीच्या वसाहतीत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. त्याचे वडील कंडक्टर होते, तो सातवीत असताना गेले. त्यानंतर त्याची आई झुंबरबाई शिवणकाम करायची आणि गजूदादा सुचिताच्या घरी, तिच्या वडिलांच्या समोर बसून गणितं सोडवायचा. तिची आई त्याला ताट वाढायची. पुढं तो शिकला, हैदराबादला गेला, विभागप्रमुख झाला, आणि सुचिताची एमएस्सी झाली तेव्हा त्यानंच तिच्या वडिलांना फोन केला, "किसनकाका, पोरीले पाठवा. माह्या हाताखाली राहीन." कंपनीत सगळे इंग्रजीत किंवा हिंदीत बोलायचे. तो तिच्याशी मात्र कायम घरच्या बोलीत बोले, आणि दिवसभर परक्या भाषेत वावरल्यावर ती बोली ऐकली की तिला मेहकरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटे. ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशीही तो घरच्याच बोलीत बोलला.

सुळक्याला खांदा आला होता. उजव्या अंगाला, उतरणीवर, एक बारीकसा फुगवटा. प्रयोगशाळेत त्याला शोल्डर म्हणतात. म्हणजे मण्याच्या जोडीला दुसरं काहीतरी होतं, जवळजवळ मण्यासारखंच, शेपटीसकट, पण मणी नव्हे. काय ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला काही आठवडे लागले असते. खांद्याच्या बुडाशी उभी रेघ टाकली की शंभरात पॉइंट एकसष्ट येत होतं. मर्यादा पॉइंट पाच. उभीच रेघ टाकायची, असं पद्धतीत लिहिलेलं होतं. सुचितानं तीनदा नमुना सोडला, तिन्ही वेळा एकसष्ट, एकसष्ट, बासष्ट. गजेंद्र तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. तिन्ही आकडे वाचले. मग हळूच म्हणाला, "सुचे, तिरकी काढून पाह्य ना." तिनं पाहिलं. सुळक्याच्या उतरणीला घासून तिरकी रेघ काढली की त्या खांद्याचा बराचसा भाग सुळक्याच्या पोटात जायचा आणि आकडा यायचा पॉइंट सेहेचाळीस. "दोन्ही रेघा पुस्तकात हायेत," तो म्हणाला. "आपण काही खोटं नाही करून राह्यलो. चाळीस माणसाईची तीन महिन्याची मेहनत हाय हे. पॉइंट एक-दीडसाठी सांडून देऊ का?" त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आवाज चढवला नाही, धमकावलं नाही. फक्त तिथं उभा राहिला. संगणकानं विचारलं, बदलाचं कारण? तिनं टाइप केलं, बेसलाइन दुरुस्ती. संगणकानं ते घेतलं. संगणक काहीही घेतो. खाली तिचं नाव, तारीख, वेळ. तीन महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. वडिलांच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं, कारण आयतंच मिळालं.

"काऊन वं, उशीर झाला?" ती खोका घेऊन घरी पोचली तेव्हा तिचे वडील, किसनराव, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, डावा पाय स्टुलावर. मेहकर आगारात त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून एकोणतीस वर्षं काढली होती, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रस्त्यावरून जाणारी प्रत्येक एसटी ते घड्याळाशी ताडून पाहत. "जालना गाडी आज अठरा मिनिटं लेट हाय. आणलं का थे इंजेक्शन?" तिनं खोका फ्रीजमध्ये ठेवला. जेवताना ते त्याच विषयावर बोलत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर उतरली तर टाचेची जखम भरेल, टाच भरली तर चालता येईल. "चालता आलं तं दिवाळीले आपण मेहकरले जाऊ. बालाजीचं दर्शन घेऊ, झुंबरबाईले भेटू." बुधवारी दुपारी सुचितानं ते पेन फ्रीजमधून काढलं, गच्चीवर नेलं आणि पत्र्याच्या टाकीजवळ उन्हात ठेवलं. टाकीजवळ ती उभी राहिली. आपण काय करतोय, ते तिला नीट कळत होतं, आणि तरी ती दुसऱ्याच कुणाला करताना पाहावं तशी पाहत होती. "बाबा, पेन बाहेरच राहिलं," संध्याकाळी ती म्हणाली. "खराब झालं." किसनरावांनी तिच्याकडे पाहिलं. "तू अशी विसरणारी नाहीस, बाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तिनं युसूफभाईंना विचारलं, याच औषधाचं दुसऱ्या कंपनीचं आहे का? युसूफभाई हसले. "एक काऊन, पाच हायेत. पेटंट खतम झालं, आता जो तो बनवून राह्यला." त्यांनी तीन खोके मांडले, एक निळा, एक हिरवा, एक केशरी. तिन्हींच्या आत माळ, प्रत्येक माळेत शेपटीवाला मणी. तो मणी कोण बनवतं? बनवणारे मोजकेच. तिनं हिरवा उचलला, ठेवला, केशरी उचलला. युसूफभाई तिच्याकडे पाहत होते. "रंगानं काही होत नाही, ताई." "हो," ती म्हणाली, आणि केशरी घेऊन घरी आली. त्या गुरुवारी तिनं वडिलांच्या पोटाला कापूस लावला, चिमूट धरली आणि सुई टोचली. पोटाची कातडी सैल होती, पिकल्या सीताफळासारखी मऊ. औषध आत गेलं. आता ते शेपटीनं धरून बसेल, तिला वाटलं, आठवडाभर ते आता सुटायचं नाही. किसनराव म्हणाले, "बस, एवढंच? मुंगी चावली बुवा."

पुढचे आठवडे विचित्र गेले. किसनरावांची साखर उतरली. अडीचशेच्या खाली कधी न येणारा आकडा एकशे साठवर आला, मग एकशे अडतीसवर, आणि टाचेच्या जखमेच्या कडा गुलाबी होऊन आत सरकू लागल्या. ते काठी टेकत जिन्यापर्यंत जाऊन येत आणि पावलं मोजून सांगत. घरात आनंद होता आणि सुचिता त्या आनंदात कोंडलेली होती. भूक कमी होणं हे औषधाचं कामच. पण त्यांनी अर्धी भाकर ताटात ठेवली की तिला पडद्यावरचा खांदा दिसे. मळमळ होते असं माहितीपत्रकातच छापलेलं. पण चौथ्या गुरुवारनंतर त्यांना उलटी झाली तेव्हा ती मोरीच्या दाराशी त्यांचं कपाळ धरून उभी राहिली आणि मनातल्या मनात एकसष्ट, एकसष्ट म्हणत राहिली. वर्गात फळ्यावर लिहिताना हात थांबे. वाईट काही होत नव्हतं, हेच तिला छळत होतं. वाईट झालं असतं तर तिला ओरडता आलं असतं. चांगलं होतंय, आणि त्या चांगल्याच्या उतरणीवर एक बारीक फुगवटा आहे की नाही, हे कुणाला कधीच कळणार नव्हतं. झोपलेल्या वडिलांच्या पोटाचा हलणारा सदरा ती बघत बसे. आपण त्यांना बरं करतोय की त्यांच्यावर प्रयोग करतोय? दोन्ही. दोन्ही एकाच सुईनं.

एका दुपारी कॉलेजच्या सायकल स्टँडमागं उभं राहून तिनं गजेंद्रला फोन लावला. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा. तो खूश झाला. किसनकाका कसे आहेत, पाय कसा आहे, सगळं विचारलं. तिनं सांगितलं आणि मग म्हणाली, "दादा, ती शोल्डरवाली बॅच कोणाले गेली?"

पलीकडे तो हसला. "तू अजून थेच धरून बसली का? अवं, दळणाच्या पिठातही एवढं निघते. पॉइंट एकसष्ट! लोक हवेतून याच्यापेक्षा जास्त खातात."

"कोणाले गेली?"

"थे मले सांगता येत नाही, तुले माहीत हाय. आणि सांगितलं तरी तू काय करशील? थे कोणत्या माळेत गेलं, कोणत्या पेनात गेलं, देवालेही माहीत नाही." थोडा थांबून तो मऊ आवाजात बोलला, "सुचे, माह्या आईलेही हेच औषध चालू हाय. चार महिने झाले. मी काय माह्या आईले विष देईन का? सांग बरं."

फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथल्याच कट्ट्यावर बसली. झुंबरकाकू घेतात. गजूदादा स्वतःच्या आईला देतो. मग काय राहिलं? त्या दिवशी तिनं वडिलांना पुरणाची पोळी करून घातली, अर्धीच, आणि ते म्हणाले, "आज काय सण हाय बाई?" पुढचे दोन गुरुवार सुई टोचताना तिला एकसष्ट आठवलं नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी झुंबरबाई स्वतःच मेहकरहून आल्या. सकाळच्या गाडीनं, हातात चिवड्याचा डबा, सांगत की किसनभाऊ येणार येणार म्हणतात पण त्यांचा पाय कधी मुहूर्त काढेल सांगता येत नाही, म्हणून मीच आले. किसनराव काठी घेऊन दारापर्यंत गेले आणि ते चालणं पाहून झुंबरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं जुन्या वसाहतीच्या गोष्टी बोलत बसले, कोण गेलं, कोणाची पोरं कुठं आहेत. मग औषधांवर गाडी आली. "तुमचंही गुरुवारचं का?" किसनरावांनी विचारलं.

"माहं रविवारचं," झुंबरबाई म्हणाल्या. "पण माहं इथलं नाही. गजू बाहेरून मागवते, थे पहिल्या कंपनीचं, परदेशातलं. माह्या आंगणात राहणारा मेडिकलवाला म्हणे, आजी, आता इथलं निघालं, तेच घ्या ना. मी गजूले विचारलं तं असा चिडला माह्यावर! म्हणे, आई, इथलं हातातही धराचं नाही, मी पाठवतो थेच टोचाचं. आता त्याले माहीत असंन बाबा, त्याचंच काम हाय थे."

सुचिता चहा गाळत होती. चहा कपाबाहेर ओट्यावर जात होता आणि ती बघत होती. म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. हेच औषध चालू हाय, म्हणाला होता. औषध तेच. त्यानं फक्त रेघ तिरकी काढली होती. त्यालाही माहीत आहे. त्यालाही इतके दिवस तो खांदा दिसत होता. त्यानं फक्त आपल्या आईला त्याच्यापासून बाजूला काढलं आणि बाकीच्यांना तिथंच राहू दिलं. झुंबरबाई आत आल्या, ओट्यावरचा चहा फडक्यानं पुसू लागल्या. "अवं, लक्ष कुठं हाय तुहं? वाळली किती. बापाची सेवा करता करता स्वतःले पाह्यतच नाहीस."

दुसऱ्या दिवशी ती युसूफभाईंकडे गेली आणि पहिल्या कंपनीचं, परदेशातलं पेन मागवता येईल का, असं विचारलं. "येईन ना. दोन दिवसात अकोल्याहून येते. नाव लिहून घेऊ?" तिच्या शेजारी एक बाई उभी होती, पन्नाशीची, पायात रबरी चपला, दुसरबीडहून सकाळच्या गाडीनं आलेली, नवऱ्यासाठी औषध न्यायचं होतं आणि परतीची गाडी चुकेल म्हणून घाई करत होती. युसूफभाईंनी तिला केशरी खोका दिला, बर्फाची पिशवी दिली, गुरुवार धरला तर गुरुवारच धरा असं सांगितलं. बाईनं खोका पदराखाली धरला. "बर्फ इतरून पाणी झालं तं?" तिनं विचारलं. "इतरत नाही, तीन तास राहते." बाई गेली. रस्ता ओलांडताना ती दोन्ही हातांनी तो खोका पोटाशी धरून होती. "ताई, नाव लिहू ना?" युसूफभाई वही उघडून बसले होते. नाव लिहिलं की ती गजेंद्र होणार होती. इतकं सोपं होतं ते. वडील सुटणार होते, आणि दुसरबीडच्या गाडीत ती बाई खोका मांडीवर घेऊन बसणार होती. "नको," ती म्हणाली. "राहू द्या."

घरी येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं. खुर्ची ओढून, त्यांच्या समोर, लहानपणी गणित चुकल्यावर बसायची तशी. शेपटी, मणी, खांदा, उभी रेघ, तिरकी रेघ. खालून एक गाडी गेली तरी किसनरावांनी घड्याळ पाहिलं नाही.

"म्हणजे होतं एकसष्ट," अखेर ते म्हणाले, "आणि तू लिहिलं सेहेचाळीस."

"हाव."

"गजूनं सांगितलं म्हणून."

"हाव. पण हात माहा होता, बाबा."

"थ्यानं काय नुकसान होते?"

"माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कोणी शोधलंच नाही."

त्यांनी आपल्या टाचेकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला, फलाटावर चढायचा तसा. "मंग मले काऊन सांगून राह्यली? मी काय कंपनी हाय? माह्याजवळ रडून तुहं मन मोकळं होईन, त्या एकसष्टचं काय होईन? ज्याले सांगाचं त्याले सांग!" तिला वाटलं होतं ते माफ करतील किंवा निदान शिव्या देतील. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. काठी घेतली आणि गॅलरीत जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी तिनं कंपनीच्या गुणवत्ता प्रमुखांना आणि औषध नियंत्रण खात्याला मेल लिहिला. बॅच क्रमांक तिला तोंडपाठ होता. काय दिसलं, काय टाइप केलं, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं. गजेंद्रचं नाव लिहिताना तिनं ते दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. आता काहीतरी सुटेल, मोकळं होईल, अशी तिला आशा होती. खात्याकडून मेल पोचल्याची यांत्रिक पोच आली. चार दिवसांनी कंपनीतून एका बाईंचा फोन आला; आवाज गोड, हिंदी स्वच्छ. तक्रार नोंदवून घेतली आहे. त्या बॅचचा राखीव नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जाईल, निकालाला आठ आठवडे लागतील. रेकॉर्डमध्ये फक्त तुमचं लॉगिन दिसतं. विभागप्रमुखांनी सांगितल्याचा काही लेखी पुरावा आहे का? नाही. ठीक आहे, चौकशीसाठी तुम्हाला यावं लागेल, त्यांनाही बोलावलं आहे, तोवर त्यांना घरी बसवलेलं आहे. "माझे वडील हे औषध घेतात," सुचिता म्हणाली. "त्यांनी घ्यावं की नाही?" बाई थोडं थांबल्या. "असा सल्ला आम्ही देऊ शकत नाही." इथल्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, मी ऐकीव गोष्टीवर औषध बंद करणार नाही, बंद केलं आणि टाच पुन्हा चिघळली तर पाय वाचेल याची मी खात्री देत नाही. म्हणजे ती बोलली होती, आणि बोलून जिथं होती तिथंच होती. फक्त आता ही जागा सगळ्यांना दिसत होती.

गुरुवार आला. तिनं फ्रीज उघडला, बंद केला. "बाबा, तुमच्यासाठी ते परदेशातलं मागवू का?" तिनं विचारलं, आणि विचारल्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. तरी विचारलंच. वडील होते ते.

"तुह्या मेलचा निकाल लागेपर्यंत बाकीचे लोक काय घेणार हायेत?" किसनरावांनी विचारलं.

"हेच."

"मंग सगळे ज्या गाडीत बसले त्याच गाडीत मले बसू दे. कंट्रोलरच्या घरच्यासाठी येगळी गाडी सोडत नसतात." त्यांनी सदरा वर केला. तिला ते पटलं नाही. हा मोठेपणा नाही, हा हट्ट आहे, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि मोठेपणा कुठं संपतो आणि हट्ट कुठं सुरू होतो, ती रेघ आपण काढू नये, हेही कळलं. तिनं कापूस भिजवला. सुई आत गेली. ते छताकडे पाहत होते, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. ते घाबरलेले होते. इतकी वर्षं झाली, ते घाबरतात हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

तिचे हात धुवून होतात न होतात तोच फोन वाजला. झुंबरबाई होत्या.

"सुचिता, बाई, गजू पाच दिवस झाले फोन उचलत नाही. सूनबाई म्हणते घरीच हाय, पण बोलत नाही, जेवत नाही. कंपनीत काही झालं का? तू होती ना तिथं. तुले काही माहीत हाय का?"

मला काय माहीत, काकू, हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. सोपं होतं. झुंबरबाईंनी त्यावर विश्वास ठेवला असता. "हाव काकू," ती म्हणाली, "मले माहीत हाय. म्याच केलं थे." आणि उभ्यानंच, भिंतीला टेकून, तिनं सांगितलं. जितक्या साध्या शब्दांत येईल तितक्या. आम्ही दोघांनी एक खोटा आकडा लिहिला होता, मी तो कळवला. औषधात काय गेलं माहीत नाही. दादाची चौकशी चालू आहे, माझीही होईल.

"म्हणून त्यानं मले इथलं घेऊ दिलं नाही," झुंबरबाई म्हणाल्या. त्या विचारत नव्हत्या. शिव्याशाप येतील म्हणून सुचितानं डोळे मिटून घेतले. ज्या लेकराले तुह्या आईनं ताट वाढलं त्याच लेकराचं वाटोळं केलं तू, असं त्या म्हणतील. म्हणायलाच हवं होतं. तिला ते ऐकायचं होतं.

"किसनभाऊ कोणतं घेते? इथलंच?"

"हाव."

"घेतलं आज?"

"आत्ताच."

झुंबरबाईंचा श्वास तिला ऐकू येत होता, वर ओढलेला, मधेच अडकणारा. "माह्याजवळ दोन पेनं उरले हायेत," त्या म्हणाल्या, "गजूनं पाठवलेले. मी नाही घेत आता. उद्याच्या गाडीनं कंडक्टरजवळ देते, बर्फात घालून. भाऊले सांगू नको कोणाचे हायेत. नुसते टोच."

सुचितानं नको म्हणायला तोंड उघडलं आणि हो निघेल या भीतीनं तिनं ते मिटलं. पलीकडे, मेहकरला, झुंबरबाई फ्रीजचं दार उघडत होत्या. आतले डबे सरकवल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.